मेथी धुतलेलं पाणी

बाबा,

घाटावर तुमची शोकसभा झाली. आपल्याकडे सरण रचून होईपर्यंतच्या वेळात ती उरकून घेतात. तुम्ही अशा कितीतरी सभांना मागे उकिडवे बसून आलात आणि घरी हातपाय धुता धुता एवढंच सांगायचात, "तिसऱ्या वक्त्यानं मयताचं नाव चुकवलं." तुमचं नाव कुणी चुकवलं नाही. ते फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात होतं. त्याखाली 'अनंतात विलीन' आणि तुमचा तो फोटो, ज्यात तुम्ही फोटो काढणाऱ्यावरच संशय घेत असल्यासारखे दिसता.

तुमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष गाडीनं आले. चपला काढाव्यात की नाही याचा जरा विचार करून त्यांनी त्या काढल्या नाहीत. म्हणाले, "सरांनी कसलीही अपेक्षा न ठेवता ज्ञानदानाचं व्रत चालवलं." मी पदर तोंडाला लावला. बायकांना वाटलं, पोरीला रडू आवरेना. मला हसू आवरत नव्हतं, बाबा. कसलीही अपेक्षा न ठेवता! आपल्या घरात अठरा वर्षं अपेक्षेशिवाय दुसरं काही ठेवलेलंच नव्हतं.

आई घाटावर आली नाही; तिच्या कंबरेला तेवढं बसणं झेपत नाही. संध्याकाळी भिंतीला टेकून तिनं विचारलं, "अध्यक्ष किती वेळ बोलला वो?"

"वीस मिनिटं तरी."

"एवढा वेळ त्यानं तुह्या बापाच्या फाइलीले देल्ला असता, तं तवाच पगार सुरू झाला असता." मग ती रडली. दिवसभरात पहिल्यांदा.

संचालन करणाऱ्यानं मला दोनदा विचारलं, "ताई, दोन शब्द?" मी नाही म्हटलं. दोन शब्दांत बसणारं काही माझ्याकडे नव्हतं आणि जे होतं ते त्या लोकांशी बोलण्यासारखं नव्हतं. तुमच्याशी बोलायचं राहिलं आहे. म्हणून हे लिहिते.

लहानपणी मला तुम्ही गावातले सगळ्यात मोठे माणूस वाटायचात. पवनारच्या बसथांब्यावरचा चहावाला तुम्हाला पाहून बाक पुसायचा. पांढरा शर्ट, खिशाला पेन. माझी समजूत अशी की ज्याच्या खिशाला पेन असतो त्याचं घर आपोआप चालतं. आपलं घर आईच्या मळ्यावर चालायचं, नदीकाठच्या त्या अर्ध्या एकरातल्या मेथीवर, सांभारावर, म्हणजे पुस्तकातल्या कोथिंबिरीवर, आणि वांग्यांवर. हे कळायला आईची कंबर जावी लागली.

तुमच्या शाळेची गोष्ट तुम्ही मला एकदा समजावून सांगितली होती. शाळा विनाअनुदानित. सरकारनं अनुदान मंजूर केलं की मास्तरांना पगार सुरू होतो. तोवर शाळा चालवून दाखवायची.

"अन् मंजूर नाई केलं तं?"

"तं चालवूनच दाखवायची."

मला वाटलं तुम्ही विनोद केलात. दर उन्हाळ्यात तुम्ही अनुदानाबद्दल म्हणायचात, "यंदा होऊन जाईन." आई लोणचं घालता घालता म्हणायची, "हो, आंबे बी दरसाल येतात." आणि एक गोष्ट मी तेव्हा विचारली नाही, नंतरही नाही: तुम्ही ज्या शाळेत शिकवत होतात, तिथे मला घातलं नाहीत. मला बसनं वर्ध्याला पाठवलंत, अनुदान असलेल्या शाळेत.

मी नववीत गेले त्या वर्षी, ओल्या मेथीचा टोपला डोक्यावर घेताना आई नदीवर पडली. डॉक्टर म्हणाले, फळीवर झोपायचं, वाकायचं नाही, उचलायचं नाही. आईच्या दिवसातून वाकणं आणि उचलणं काढलं की काहीच उरत नव्हतं. ती फळीवर पडून छताकडे बघत आपल्याला हुकूम द्यायची आणि आपण दोघं मळ्यात तिच्यासारखं काम करायचं नाटक करायचो. संध्याकाळी मेथी उपटायची, जुड्या बांधायच्या, धामच्या पाण्यात मुळं धुवायची, ओल्या पोत्यात उभ्या करून ठेवायच्या. सकाळी तुम्ही सायकलीवर टोपले बांधून वर्ध्याच्या गुजरीत जायचात. तिथून उलटं फिरून, पाऊण तास पायडल मारत शाळेत.

गुजरीत तुम्हाला ओरडता येत नसे. सगळा बाजार ओरडतो आहे आणि तुम्ही मेथीच्या ढिगामागे परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखे हात मागे बांधून उभे. एखादी बाई विचारायची, "भाऊ, मेथी ताजी हाय ना?" आणि तुम्ही सांगायचात, "काल संध्याकाळची आहे. आजची पाहिजे असन तं त्या आजीजवळ आहे." ती आजीसुद्धा वैतागायची. "मास्तर, तुमी मेथी विकू नका बाप्पा. तुमी मेथीची तपासणी करा."

एकदा शाळेत जाण्याआधी मी तुमच्याजवळ डबा द्यायला आले आणि माझ्या वर्गातली एक मुलगी आईचा हात धरून समोर उभी राहिली. तिनं तुमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हे तुझे बाबा ना? तू तर सर आहेत म्हणाली होतीस." मी डबा मेथीच्या ढिगामागे सरकवला. तुम्ही तिच्या आईला दोन जुड्या जास्त दिल्यात. मला त्या दोन जुड्यांचा राग कितीतरी दिवस होता.

त्या दिवसापासून मला तुम्ही मोठे वाटेनासे झालात. वाईट वाटू लागला असतात तर बरं झालं असतं. वाईट माणसाशी भांडता येतं. तुम्ही मला भोळे वाटू लागलात. पगार न देणाऱ्या शाळेत रोज वेळेवर पोचणारा आणि शिळ्या मेथीला शिळी म्हणणारा माणूस.

"बाबा, शाळा सोडून द्या ना."

"यंदा होऊन जाईन."

"गेल्या वर्षी बी तुमी हेच म्हनलं."

"गेल्या वर्षी कागद जिल्ह्यातच होते. यंदा वर गेले."

कागद वर गेले होते हे खरं निघालं, कारण तपासणी लागली. शाळा बघायला तीन साहेब येणार होते. त्यांनी बरं लिहिलं तर अनुदान. दिवस कापूस वेचणीचे. तुमच्या नववीच्या वर्गातल्या निम्म्या मुली शेतात गेलेल्या. मुख्याध्यापक आपल्या घरी आले, चहा घेतला, आईच्या कंबरेची चौकशी केली आणि मग मुद्द्यावर आले. "सर, नववीत पोरी कमी पडून राह्यल्या. तुमची पोरगी नववीतच आहे नं?"

"ते वर्ध्याच्या शाळेत आहे."

"माहीत आहे. एका दिवसाचा तं प्रश्न आहे."

 फळीवरून आईचा आवाज आला, "येईन ते."

मुख्याध्यापक गेल्यावर तुम्ही म्हणालात, "खोटी हजेरी लागन."

"अजी, मले वाकता येत नाई अन् तुमाले विकता येत नाई," आई म्हणाली. "एक दिवस पोरगी बसली तं काय बिघडते? अन् खऱ्या हजेरीचं मले सांगू नका. इतके वर्षं रोज जाता, तरी सरकारच्या कागदावर तुमीच हजर नाई."

मी म्हटलं, "मी जातो." घरी-मळ्यात मी 'जाते' नव्हे, 'जातो'च म्हणायची. मला पगार हवा होता, बाबा. पैशाचं मला तेवढं कळत नव्हतं. मला एवढंच हवं होतं की पगार झाला की तुम्ही गुजरीत उभे राहणार नाही.

तुमच्या शाळेचा गणवेश कुणाकडून तरी आला. मापाला मोठा होता. आईनं पोटावर झोपून, मला फळीजवळ उभं करून त्याची शिवण धरली. दोन दिवस तुम्ही माझ्याशी फारसं बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्ही ऐन वेळी नाही म्हणाल. मनात कुठेतरी मी त्याचीच वाट बघत होते, हे मला तेव्हा कळलं नाही. मी तुम्हाला भोळं म्हणत होते खरी. पण तुमचा तो भोळेपणा ही आपल्या घरातली एकमेव न हलणारी वस्तू होती आणि ती हललेली मला बघायची नव्हती.

तुम्ही नाही म्हणाला नाहीत. सकाळी सायकल पुसलीत आणि म्हणालात, "बस मागं."

शाळा ओळखू येऊ नये इतकी सजवली होती. आंब्याच्या पानांची तोरणं, रांगोळी, शेजारच्या गावातल्या शाळेतून आणलेली बाकं. पृथ्वीचा गोलही मागून आणलेला. त्यावर दुसऱ्या शाळेचं नाव होतं, त्यावर झेंडूचं फूल चिकटवलं होतं. स्वागतगीतात पाहुण्यांना सूर्य म्हटलं होतं. पाहुणे तीन होते, त्यामुळे सूर्यही तीन झाले. शाल, श्रीफळ, मग पुन्हा शाल, कारण एका साहेबांची शाल दुसऱ्या साहेबांना गेली होती.

मुख्याध्यापकांनी मला पढवून ठेवलं होतं. नाव कुंदा. वडील दौलत. वडील काय करतात? मजुरी. खरी कुंदा दिवाळीपासून शाळेत आलेली नव्हती. आईबरोबर वेचाईला जात होती. तिचं बाक खिडकीजवळ होतं. त्याच्या कडेवर तिनं कर्कटकाच्या टोकानं आपलं नाव कोरलेलं होतं आणि मी दिवसभर त्यावर हात ठेवून बसले.

साहेब वर्गाच्या मागे खुर्च्यांवर बसले. तुम्ही हजेरी घेतलीत. एकेक नाव नेहमीच्या आवाजात असेल. मला तुमचा नेहमीचा वर्गातला आवाज माहीत नव्हता. मग म्हणालात, "कुंदा." माझ्याकडे न बघता.

"हजर, सर."

तुम्हाला सर म्हणायची ती माझी पहिली वेळ. तुमचा पेन वहीवर टेकला आणि जरा वेळ तिथेच राहिला. मग तुम्ही लिहिलंत.

आणि मग तुम्ही भूगोल शिकवलात.

बाबा, मी तोवर तुम्हाला शिकवताना पाहिलंच नव्हतं. मी पाहिला होता तो मेथीमागे उभा राहिलेला माणूस, ज्याच्या तोंडून चार हाका निघत नव्हत्या. तुम्ही खडू घेऊन फळ्याकडे गेलात आणि विचारलंत, "धाम नदीवर आपन मेथी धुतो. मुळाची माती पान्यात जाते. त्या पान्याचं पुढं काय होते?"

कुणीतरी म्हणालं, "वाहून जाते."

"कुठं?"

"पुढं."

"पुढं म्हणजे कोनाच्या घरी?" वर्ग हसला. तुम्ही रेघ ओढत निघालात. धाम वणेत मिळते. वणा वर्धेत. वर्धेला वैनगंगा भेटते आणि दोघी मिळून प्राणहिता होतात. प्राणहिता गोदावरीत. प्रत्येक ठिकाणी तुम्ही थांबून विचारत होतात, आता ही माती कोणाच्या शेतात उतरली असेल, तिथले लोक कोणत्या भाषेत बोलत असतील, मेथीला काय म्हणत असतील. फळा संपला तशी तुम्ही रेघ भिंतीवर नेलीत, रंग देऊन दोन दिवस झालेल्या भिंतीवर. मुख्याध्यापक दारात डोळे मिटून उभे होते. "अन् हा बंगालचा उपसागर," तुम्ही म्हणालात, खिडकीच्या चौकटीवर खडू टेकवून, माझ्या बाकापाशी. "आपल्या मेथीची माती इथंवर जाते. उशीर लागते, पन जाते."

शेवटच्या बाकावरचं पोर उभं राहून बघत होतं. साहेबांमधल्या एकानं घड्याळात बघायचं सोडलं होतं. मी कुंदाच्या नावावर हात ठेवून बसले होते आणि मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस रोज पाऊण तास पायडल मारत कशासाठी येतो. वर्ध्याच्या गुजरीत ज्याला मेथीची एक जुडी नीट विकता येत नव्हती, त्यानं ती समुद्रापर्यंत नेऊन दाखवली होती.

इथे थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या साहेबांना आनंद झाला होता आणि आनंद झालेले साहेब मुलांना प्रश्न विचारतात. ते उठून माझ्याजवळ आले. "बाळ, नाव काय तुझं?"

"कुंदा दौलत."

"छान. वडील काय करतात?"

मजुरी, एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही दोन हातांच्या अंतरावर उभे होतात, बोटांना खडू लागलेला. मी म्हटलं, "भाजी विकतात."

"अरे वा!" साहेब तुमच्याकडे वळले. "म्हणजे गुरुजींना घरपोच भाजी मिळत असेल!"

सगळे हसले. तुम्हीही हसलात.

मी ते का म्हटलं, हे इतक्या वर्षांत मी स्वतःला नाना तऱ्हांनी सांगून पाहिलं आहे. त्या दिवसभरात एक तरी खरं वाक्य बोलावं म्हणून. की तुम्ही ती हजेरी लिहिलीत म्हणून. की गुजरीतल्या त्या मुलीला तेव्हा न दिलेलं उत्तर मी तुमच्या अंगावर फेकलं. तिन्ही कारणं थोडी थोडी पटतात आणि कोणतंच पूर्ण पुरत नाही. परत येताना मी कॅरिअरवर बसून तुमच्या पाठीकडे बघत होते. शर्टावर खडूचे पाच बोटांचे ठसे होते. तुम्ही कधीतरी कंबरेवर हात ठेवला असेल. पवनारच्या पुलावर तुम्ही विचारलंत, "भूक लागली का वो?" मी नाही म्हटलं. आपलं त्या विषयावरचं बोलणं एवढंच झालं.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही घरून लवकर निघू लागलात. आईनं विचारलं, "इतक्या लवकर कुठं?"

"कुंदाच्या घरी."

"कोन कुंदा?"

"हजेरी लावली मी तिची," तुम्ही सायकलीवर टोपला बांधत म्हणालात. "आता तिले आनाच लागन."

आई छताकडे बघत म्हणाली, "ऐकलं का गं? लोक खोटं बोलतात अन् गप्प बसतात. हे मानूस खोटं बोलून खरं करून राह्यलं."

कुंदाची आई काही सहज ऐकणारी नव्हती. वेचाईचे दिवस सोडून पोरगी बाकावर बसवायला तिला परवडत नव्हतं आणि तिनं ते तुम्हाला तोंडावर सांगितलं. मग तुम्ही तिच्याशी ठरवलंत: कुंदा शाळेत येईल आणि रविवारी तिच्या वाट्याच्या ओळी तुम्ही वेचाल. मलाही घेऊन गेलात. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून राहिले.

तुम्हाला कापूस वेचता येत नव्हता. बोंडातून नुसता कापूस ओढून घ्यायचा असतो. तुमच्या हाती पाला, काड्या, कधी अख्खं बोंड. कुंदाची आई तुमचं ओटीचं फडकं उलगडून बघायची आणि कपाळाला हात लावायची. "मास्तर, कापूस वेचून राह्यले का झाड सोलून राह्यले?"

"सरावानं जमन, बाई."

"सरावानं माही पराटी संपन!"

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी मी धुऱ्यावरून उठले आणि ओरडले. आई घरी फळीवर, मळ्यात वांगी किडून राहिलेली आणि हा माणूस लोकांच्या शेतात काड्या वेचतो आहे. मी म्हणाले, "तुमाले फुकटात काम करायची सवयच लागली."

तुम्ही मान वर केलीत. बोंडांची टोकं लागून तुमची बोटं नखांपाशी सोलली होती. "लागली असन," तुम्ही म्हणालात आणि पुढच्या झाडाकडे वळलात. मला वाटतं, मी आयुष्यात कुणालाही एवढं वाईट बोलले नाही आणि कुणीही ते एवढं शांतपणे खरं मानलं नाही.

याबद्दल माफी मागायची राहिली आहे. तुम्ही म्हणाल, तारीख उलटून गेली. तरी मागते.

कुंदा शाळेत यायला लागली. आई उन्हाळ्यापर्यंत उठून बसली, पावसाळ्यात काठीनं मळ्यात आली आणि आपण लावलेल्या वाफ्यांकडे बघून म्हणाली की हे शेत आहे की निबंध. अनुदान त्या वर्षी झालं नाही. साहेबांनी बरं लिहिलं होतं; पण कागद वर जाऊन आणखी वर गेले. अनुदानाचा पहिला टप्पा आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात लागून तीन वर्षं झाली होती. त्या संध्याकाळी तुम्ही गुजरीतून मेथीच्या चार जुड्या विकत आणल्यात. आईनं डोक्यावर हात मारला, "घरी मळ्यात मेथी सडून राह्यली अन् हे विकत घेऊन राह्यले!" तुम्ही म्हणालात, एकदा समोरून घेऊन पाहायची होती. पेन्शन लागण्याइतके टप्पे यायच्या आत तुमची निवृत्ती आली.

पुस्तकांमध्ये माणसाचं मत एखाद्या प्रसंगात बदलतं. माझं काम पुस्तकांचंच आहे, म्हणून सांगते, तसं काही झालं नाही. तुम्ही मला एका फटक्यात मोठे वाटू लागला नाहीत. एवढंच झालं की आमच्याकडे यादीत असलेलं पुस्तक कपाटात सापडलं नाही की इतर जण पुढे 'गहाळ' लिहून मोकळे होतात आणि मी ते शोधत फिरते. ज्यानं नेलं त्याच्या घरी जाते. एकदा एका प्राध्यापकांच्या घरी चार वेळा गेले. लोक म्हणतात, मॅडम तऱ्हेवाईक आहेत. हे कुठून आलं ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

शेवटची वर्षं तुम्ही आणि आई माझ्याकडे पिपरी मेघेला राहिलात. घरी आलेल्या लग्नपत्रिका लाल पेनानं तपासायचात आणि ज्यांच्या त्यांना परत द्यायला निघायचात, मी अडवायची. एका दुपारी तुम्ही पेपर वाचत होतात, म्हणून मी धीर करून म्हटलं, "बाबा, त्या तपासणीच्या दिवशी…"

"कोनत्या तपासणीच्या? लय झाल्या." आणि पान उलटलंत. तुम्हाला नेमकी माहीत होती कोणती.

कुंदा घाटावर आली होती. तळेगावला दिली आहे तिला. दोन बस बदलून आली. अंगणवाडीत मदतनीस आहे. दहावीला इंग्रजीत दोनदा राहिली, तिसऱ्यांदा निघाली. अध्यक्षांच्या भाषणात शोभेल असं तिच्यात काही नाही आणि त्यांना ती कोण हे माहीतही नव्हतं. शेवटची वंदना संपल्यावर ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. सरणाकडे बघून म्हणाली, "सरांले कापूस काई वेचता आला नाई."

"मी होते न तिथं."

"तू तं तोंड फुगवून धुऱ्यावर बसली राहे." आम्ही दोघी हसलो, नको त्या जागी. मग ती म्हणाली, "माह्या नावानं तूच बसली होती नं?"

"तुला माहीत होतं?"

"सरांनीच सांगतलं. पयल्याच दिवशी घरी आले तवा, मायसमोर. म्हने, माह्या पोरीनं साहेबाले नाव खोटं सांगतलं, पन बापाचा धंदा खरा सांगतला. आता तू ये अन् नाव बी खरं कर."

मी विचारलं, "कसे म्हणाले? हसून?"

"हसूनच. सर हसूनच तं बोलत."

तेच तर आहे, बाबा. साहेबांसमोरही तुम्ही हसला होतात. ते हसू कोणतं होतं आणि कुंदाच्या दारातलं कोणतं, हे सांगू शकणारा माणूस एकच होता.

परवा मृत्यूच्या दाखल्याचा फॉर्म भरायला गेले. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "वडील काय करत होते?"

कुणी मला हे विचारण्याची ही दुसरी वेळ. मी म्हटलं, "शिक्षक."

"पेन्शनर लिहू?"

"पेन्शन नव्हती. शाळा विनाअनुदानित होती."

"मग शेती वगैरे लिहून टाकू का ताई? दुसरं काही करत होते?"

"भाजी विकत."

"एकच लिहिता येते."

"मग शिक्षक लिहा," मी म्हटलं आणि तो लिहून होईपर्यंत खिडकी सोडली नाही. मागची रांग कुरकुरत होती.

तिथून पिपरीला न वळता मी पवनारला गेले. जिथे आपण मेथी धुवायचो, त्याच दगडावरून तुमची राख पाण्यात सोडली होती. आता पाणी कमी आहे. पलीकडच्या काठावर कुणीतरी सांभाराच्या जुड्या धुवत होतं. फ्लेक्सवाल्यांचं अनंत कुठे असतं ते मला ठाऊक नाही. तुम्ही शिकवलेलं मला ठाऊक आहे, खिडकीजवळच्या बाकावर बसून मी ते नीट ऐकलं होतं. तुम्ही अजून धाममध्येच असाल. पुढे वणा, मग वर्धा, प्राणहिता, गोदावरी. वाटेत बंधारे आहेत. कुठे पंधरा दिवस अडकाल, कुठे फाटक उघडायला साहेब जागेवर नसेल. तुम्ही कुणाशी भांडणार नाही, मागे हात बांधून उभे राहाल.

काळजी करू नका, बाबा. यंदा होऊन जाईन.